विश्वासाबद्दल पहिल्यांदा लिहिताना

आपल्या ख्रिस्ती विश्वासाबद्दलचा पाच पानांचा मजकूर पाठवलास, वाचला. उत्साह छान आहे, पण पहिल्याच खेपेला त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), पूर्वनियोजन (कोणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलंय हा विचार) आणि प्रकटीकरण (बायबलचं शेवटचं पुस्तक)? ते सगळं तूर्त बाजूला ठेव. एक पान पुरे: येशू माझ्यासाठी कोण आहे, आणि का.

मग प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचं ते जुनं, थोडक्यातलं विधान, शेजारी ठेवून आपलं एकेक वाक्य ताडून बघ. त्यात रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या अमलाखालचा येशूचा दुःखभोग आहे, पुनरुत्थान आहे, पापांची क्षमा आहे. पृथ्वी किती वर्षांची, बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, यावर तो गप्प आहे. अशा ठिकाणी "मला वाटतं" लिहायला लाजू नकोस. नवशिके नेमकं तिथेच सर्वांत ठासून बोलतात!

बायबलमधलं सुटं वचन उचलू नकोस. फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ (मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सगळं करू शकतो, असं ते वचन) तू परीक्षेतल्या यशासाठी वापरलंस. आधीच्या दोन ओळी वाच: पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेत आहे आणि भूक असो वा भरपूर असो, दोन्हींत समाधानी राहण्याबद्दल बोलतोय.

आणखी दोन गोष्टी:
- दुसऱ्यांच्या देवांवर टीका नको. आपल्या इंदूरात शेजारी गणपती, अभंग, एकादशी असणारच. पेत्राचं पहिलं पत्र ३:१५ आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगतं, पण सौम्यतेने.
- चर्चमध्ये हिंदी प्रवचन ऐकून आलेली वाक्यं तशीच उतरवू नकोस. घरी जशी मराठी बोलतोस तशी लिही आणि चर्चला कधीच न गेलेल्या एखाद्या मावशींना वाचून दाखव. त्या जिथे अडतील तिथे खूण कर.

पुढच्या रविवारी ते एक पान घेऊन ये.