नाताळला वीसेक घरी द्यायला स्वस्तात, हाताने काय बनवता येईल?

बजेट कमी, घरात ओव्हन नाही आणि भेट मात्र मनापासून दिलेली वाटायला हवी, असं तुम्ही लिहिलंय. मग नाताळच्या झाडावर टांगायची, सोड्याच्या पांढऱ्या मातीची लटकनं करा. नेटवर मैदा-मिठाची कृती जास्त दिसते, पण ती मंद आचेवर दोन-तीन तास भाजावी लागते, आणि मीठ ओलावा ओढत असल्याने आपल्या पावसाळ्यात ती लटकनं मऊ पडतात.

दोन वाट्या खाण्याचा सोडा, एक वाटी कॉर्नफ्लॉवर, सव्वा वाटी पाणी. गार पाण्यातच गुठळ्या मोडून घ्या, मग मंद गॅसवर ठेवा आणि ढवळणं थांबवू नका. बराच वेळ पातळच राहील, धीर धरा. बुडबुडे आले की बघता बघता आळतं. कुस्करलेल्या बटाट्यासारखं झालं की लगेच उतरवा. जास्त शिजलं तर वाळताना तडकतं. ओलं फडकं झाकून गार करा, मळा आणि अर्धा सेंटिमीटर जाड लाटा. एवढ्यात वीस-पंचवीस नग सहज होतात. सोडा किराणा दुकानातून सुटा आणलात तर आणखी स्वस्त पडेल.

साचे विकत आणू नका. वाटीने गोल कापा, कडेला करंजीची कातणी फिरवा. चकलीच्या सोऱ्याची चकती हलकेच दाबली की त्यावर उठावदार चांदणी येते, मला ही सगळ्यात आवडते. नेच्याचं पान ठेवून लाटणं फिरवलंत तर शिरान्‌शीर उमटते. दोऱ्यासाठी भोक ओलं असतानाच स्ट्रॉने पाडा, काठापासून सेंटिमीटरभर आत.

वाळवायचं पंख्याखाली, जाळीवर, अधूनमधून उलटत. उन्हात अजिबात नको, कडा वर वळतात. दोन दिवसांनी कडांवरून बारीक पॉलिश पेपर फिरवा. रंगवायचा मोह मी टाळते. पांढऱ्यावर लाल लोकरीचा दोरा पुरेसा उठून दिसतो. मागे त्या घराचं नाव आणि साल मात्र जरूर लिहा. तेवढ्यानेच ती वस्तू त्या घराची होते.

ज्यांच्याकडे झाड नसतं त्यांचं काय, हाही तुमचा प्रश्न होता. खिडकीत, आकाशकंदिलाखाली, येशूजन्माच्या गोठ्याच्या छपराला, कुठेही टांगता येतं. गोव्यात नाताळला नेवऱ्या, कलकल, दोदोल शेजाऱ्यांकडे पाठवतात. तसा काही फराळ देणार असाल तर डब्याच्या दोरीलाच लटकन बांधा, वेगळ्या वेष्टनाचा खर्च वाचेल. लहान मुलं किंवा कुत्रं असलेल्या घरी मात्र 'हे खायचं नाही' हे आवर्जून सांगा, कारण ते दिसतं अगदी बिस्किटासारखं.

सुरुवात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करा, हवा कोरडी असते. आणि देताना बुटांच्या खोक्यात येते ती, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी जपून ठेवायला सांगा: नाताळ संपला की लटकन वर्तमानपत्रात गुंडाळून, त्या पुडीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं.