पुरुष म्हणून मला नेमके कोणते विशेषाधिकार आहेत? स्त्रीवादावर बरंच वाचलं, पण ते मला स्वतःत दिसत नाहीत.

वाचन राहू द्या, घरचा सातबारा काढा. सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर दिसतो. बहिणीचं नाव आहे का बघा. असलं तर भोगवटादारांत, म्हणजे जमीनधारकांत आहे की 'इतर हक्क'च्या रकान्यात, तेही बघा. आई आणि पोरींना त्या रकान्यात ढकलायची आमच्याकडे रीतच होती.

माझा दादा ८ मार्चला सावित्रीबाईंवर भाषण देतो. विशेषाधिकार म्हणजे काय, हे तो तुम्हाला झकास समजावेल. वडील २००३ मध्ये गेले आणि हाच दादा हक्कसोडपत्र टाईप करून घेऊन आला. "सही तेवढी कर. तसंही कायद्यानं तुला काही नाही." साफ खोटं. वडिलांच्या हिश्श्यात मुलीचा वाटा १९५६ पासून आहे. पण वडिलोपार्जित जमिनीत तो जन्मतःच सहहिस्सेदार आणि मी नाही, हे तेव्हा खरं होतं. महाराष्ट्राने १९९४ ला मुलींना तो हक्क दिला, त्यातून आधी लग्न झालेल्या वगळल्या. माझं लग्न १९९१ चं. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत लग्नाची अट नव्हती, तर दादाचं नवं पालुपद: वडील त्याआधीच गेले ना! ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेही निकालात काढलं. हक्क जन्माने मिळतो, वडील २००५ मध्ये हयात असायची गरज नाही.

कायदा संपल्यावर माहेर सुरू झालं. "तुझ्या लग्नात किती खर्च झाला, ठाऊक आहे?" ठाऊक आहे. त्याच्या शिक्षणाचा आणि त्याच्या लग्नाचा खर्च त्याच्या वाट्यातून कुणी वजा केला होता? तुम्ही शोधताय तो विशेषाधिकार हाच. त्याचा हिशोब मांडलाच जात नाही, म्हणून तो दिसत नाही.

मोजणीच्या दिवशी मी बांधावर होते. खुरपायला आलेल्या मावशी म्हणाल्या, "ताई, तुमाला भांडायला रान तरी हाय. मी भावाला काय मागू, त्याचं कर्ज?" या रानात त्यांची हयात गेली, तीही गड्यापेक्षा कमी मजुरीवर. मी खुरपं कधी हातात धरलेलं नाही, तरी वाटा मला. माझ्या आजोबांकडे जमीन होती, त्यांच्या आजोबांकडे नव्हती, आणि याचं कारण जात हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. आम्हा भावाबहिणींच्या भांडणात मात्र हा विषय कुणी काढला नव्हता. मी वाटा सोडला नाही, हेही सांगून टाकते.

तुमच्याकडे जमीन नसेल, तर आई आजारी पडल्यावर रजा कोण टाकतं ते बघा. तेवढ्यानेही भागेल.

हे सगळं हिंदू वारसा कायद्यापुरतं. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणी झाली असेल तर ती सहसा उकरता येत नाही. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मालमत्तेचं मृत्युपत्र असेल तर गोष्ट वेगळी. वकिलाला विचारा, भावाच्या वकिलाला नको.

आणि "बहिणीने आनंदाने सोडलं" असं कृपा करून लिहू नका. दादाही गावभर तेच सांगायचा. आधी फेरफार, म्हणजे नोंदीत बदल होऊन तिचं नाव भोगवटादारांत लागू द्या. मग तिला वाटलं तर ती बक्षीसपत्र करून देईल.