सिंगापुरात चिनी संस्कृतीवरची भाषणं: चिनी येत नसेल तर जावं का?

प्रश्न असा आहे: "मी पाच महिन्यांपूर्वी नोकरीसाठी सिंगापूरला आलो. इथे वाचनालयांत, संग्रहालयांत चिनी कला, सण, इतिहास यांवर सगळ्यांसाठी भाषणं होत असतात. मला चिनी अजिबात येत नाही. गेलो तर काही पदरात पडेल का? आणि सुरुवात कुठून करू?"

जा, आणि पुढच्या शनिवारची वाटही बघू नका. यातली बरीच भाषणं इंग्रजीत असतात, म्हणजे तुमची मुख्य अडचण तिथेच मिटली. पण भाषेचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर सांगते. मी साताऱ्याची, इथे अकरा वर्षं झाली. तुमच्यासारखीच धाकधूक मनात धरून मी पहिली दोन वर्षं कुठेच गेले नाही आणि त्या दोन वर्षांची हळहळ मला अजून वाटते.

मी ऐकलेलं पहिलं भाषण जुन्या कथेकऱ्यांवर होतं. पूर्वी सिंगापूर नदीच्या काठावर संध्याकाळी कथेकरी बसायचे. समोर दिवसभर ओझी वाहून आलेले हमाल, रिक्षा ओढणारे. कथेकरी एक उदबत्ती लावायचा आणि गोष्ट सुरू करायचा. उदबत्ती संपली की गोष्ट थांबली. मग पैसे गोळा करायचे, नवी उदबत्ती लावायची आणि पुढे चालू. ऐकताना मला आमच्या गल्लीतल्या देवळातलं कीर्तन आठवलं. बुवांनी आख्यान ऐन रंगात आणून सोडलेलं आणि आरतीचं ताट फिरतंय! पुढे 1949 मध्ये तारेवरचा रेडिओ आला आणि हेच कथेकरी घराघरांत पोचले. त्यांतले ली दाई सोर कँटोनीज बोलीत गोष्टी सांगायचे. त्या नावाचा अर्थ 'मोठा वेडा', आणि लोक कामधाम सोडून ऐकायला बसायचे. 1979 पासून सरकारने चिनी लोकांनी आपापल्या बोलींऐवजी मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी भाषा, बोलावी अशी मोहीम चालवली आणि 1982 पर्यंत कँटोनीजसारख्या बोलींतले कार्यक्रम रेडिओ-टीव्हीवरून गेले.

वक्त्याचं बोलणं झाल्यावर पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले. लहानपणी नदीकाठी ऐकलेल्या कथेची सुरुवात त्यांनी तेओच्यू बोलीत म्हणून दाखवली, हातवाऱ्यांसकट. आवाज कापत होता, पण ठेका पक्का होता. शेजारी त्यांची नात बसली होती, कॉलेजातली. मी तिला हळूच विचारलं, काय म्हणतायत? ती म्हणाली, मलाही कळलं नाही, मला मँडरिन येतं, आजोबांची बोली येत नाही. मग मागच्या रांगेतल्या एका बाईंनी आम्हा दोघींना मिळून अर्थ सांगितला.

म्हणून म्हणते, चिनी येत नाही याचं दडपण घेऊ नका. 'चिनी' ही एकच भाषा आहे असं आपण धरून चालतो, तिथेच गडबड होते. इथले बहुतेक चिनी लोक दक्षिण चीनमधून आलेल्यांचे वंशज. कोणी हॉक्कियन, कोणी तेओच्यू, कोणी कँटोनीज, हक्का, हायनानीज. बोली निराळी, जेवण निराळं, देव थोडे सामाईक आणि थोडे आपापले. माझ्या ऑफिसात एक तान बाई आहेत आणि एक चान नावाचे गृहस्थ. कित्येक वर्षं मला वाटायचं की ही दोन वेगळी आडनावं. एका भाषणात वक्त्याने फळ्यावर एकच अक्षर काढलं आणि सांगितलं, हे मँडरिनमध्ये 'छन', हॉक्कियन आणि तेओच्यूमध्ये 'तान', कँटोनीजमध्ये 'चान'. लिहायला एकच! आता कोणी नाव सांगितलं की त्याच्या पणजोबांच्या बोलीचा अंदाज बांधता येतो. दुसऱ्या दिवशी चहाला ही गोष्ट काढली तर तान बाई अर्धा तास आपल्या आजीबद्दल बोलत बसल्या.

सुरुवात कुठून करायची? 'चीनची पाच हजार वर्षं' अशा नावाचं भाषण दिसलं तर ते सरळ वगळा, हे माझं स्पष्ट मत आहे. तासाभरात राजघराण्यांची यादी कानांवरून जाते आणि घरी येईपर्यंत सगळं विसरतं. विषय जितका लहान, तितकं ऐकायला बरं. एकच वाडगा, एकच देऊळ, एकच सण.

वाडग्यापासून सुरुवात करायची तर नदीकाठच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये जा. तिथे चीनच्या थांग राजघराण्याच्या काळातल्या एका बुडालेल्या जहाजावरचा माल मांडलाय. 1998 मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ हे जहाज सापडलं. त्यात साठ हजारांच्या आसपास भांडी, बहुतेक हूनान प्रांतातल्या छांगशाच्या भट्ट्यांतले वाडगे, मोठ्या रांजणांत एकात एक रचून भरलेले. त्यांतल्या एका वाडग्यावर तारीख कोरलीय, ती निघते इसवी सन 826. आणि हे जहाज चिनी नव्हतंच. अरबी बांधणीचं होतं, फळ्या खिळ्यांनी न ठोकता दोराने शिवलेल्या. अजिंठ्यातल्या एका चित्रावरून अलीकडे गोव्यात असंच शिवलेलं 'कौंडिण्य' जहाज बांधलं, ते माहीत असेल तर त्या दालनात तुमचे पाय आपोआप रेंगाळतील.

पण मला एकच जागा निवडायला सांगितली तर मी बुकिट ब्राउन सांगेन. ही चिनी दफनभूमी. 1922 मध्ये सगळ्या बोलींच्या चिनी लोकांसाठी सुरू झाली, 1973 मध्ये बंद झाली, आणि तिथे जवळजवळ एक लाख कबरी आहेत. 2011 मध्ये तिच्यातून मोठा रस्ता काढायचं ठरलं. साडेतीन हजारांहून अधिक कबरी हलवाव्या लागल्या. तेव्हापासून काही स्वयंसेवक लोकांना फुकट फिरवून माहिती सांगतात. हे चालतं-बोलतं व्याख्यानच. स्मशानात कशाला जायचं, असं आई फोनवर म्हणाली होती. मी गेले आणि मग जातच राहिले.

तिथे मी दगड वाचायला शिकले. चिनी न येताही थोडं जमतं, खरंच. कबरीवरच्या शिळेवर मृत माणसाचं चीनमधलं मूळ गाव कोरलेलं असतं. चाळीस-पन्नास वर्षं सिंगापुरात काढलेल्या माणसाच्या दगडावरही गाव तेच, समुद्रापलीकडचं. मधल्या ओळीत नाव, कडेला मुलं-नातवंडं. अनेक दगडांवर वर्ष चिनी प्रजासत्ताकाचं असतं. 1912 हे पहिलं वर्ष, म्हणून त्या आकड्यात 1911 मिळवायचे. विसावं वर्ष म्हणजे 1931. आपण शकात 78 मिळवतो तसंच. हे कळल्यावर मी एका बाजूने दगड वाचत सुटले, बरोबरची मंडळी पुढे गेली तरी मला भान नव्हतं.

श्रीमंतांच्या कबरी पाहण्यासारख्या आहेत. मागचा भाग आरामखुर्चीच्या पाठीसारखा गोलाकार, पुढे अंगण. आणि काही कबरींच्या दाराशी चक्क पगडीवाले, दाढीवाले दगडी शीख पहारेकरी उभे! त्या काळी पेढ्यांवर, बंगल्यांवर शीख रखवालदार असायचे, म्हणून मेल्यावरही राखणीला तेच. काही ठिकाणी मातृपितृभक्तीच्या चोवीस गोष्टी कोरल्यात. त्यांतला वू मंग हा आठ वर्षांचा मुलगा. घरी मच्छरदाणी घ्यायची ऐपत नाही, म्हणून हा रात्री उघड्या अंगाने बसतो. डासांनी आपल्यालाच चावावं, आई-वडिलांना सुखाने झोपू द्यावं. गाइडने हे सांगितल्यावर मी आमच्या गटाला पुंडलिक आणि विटेची गोष्ट सांगितली. देवाला थांबवून ठेवलं आणि आई-वडिलांचे पाय चेपणं सोडलं नाही, हे ऐकून एक सत्तरीच्या बाई म्हणाल्या, हा आमच्या चोवीसांत पंचविसावा बसेल.

असं तुमच्याकडूनही काहीतरी निघेल, म्हणून नुसते ऐकून परत येऊ नका. थोडा मागे मी ह्युएनत्संगावरच्या एका भाषणाला गेले होते. इथे त्याला सगळे ओळखतात ते माकडाच्या चिनी गोष्टीतला साधू म्हणून. तो सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि त्याने तिथल्या माणसांबद्दल लिहिलं की ही उपकार विसरत नाहीत आणि अपमानही सोडत नाहीत, सूड घ्यायचा तरी आधी शत्रूला सांगून घेतात. वक्त्याने 'मो-हो-ला-छा' असं नाव उच्चारलं आणि मला ओळखायला दोन क्षण लागले. मग मी उठून सांगितलं की मी तिथली आहे. भाषणानंतर लोक माझ्याभोवती जमले. तो कुठल्या वाटेने आला असेल, अजिंठा किती लांब, तुम्ही अजून सांगून भांडता का! मला त्या दिवशी फार भरून आलं.

याशिवाय तेलोक आयर रस्त्यावरचं थियान हॉक केंग देऊळ बघून ठेवा. समुद्र सुखरूप पार झाला म्हणून हॉक्कियन लोकांनी माझू देवीसाठी बांधलेलं हे देऊळ 1842 मध्ये पूर्ण झालं. आधी देऊळ बघा, मग त्यावरचं भाषण ऐका, जास्त कळतं.

बुकिट ब्राउनला सकाळी लवकर जा. पायात बूट, अंगभर कपडे, पाणी आणि डासांचं मलम घ्या. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग येतो, पितरांच्या कबरी झाडून-पुसून तिथे जेवण ठेवायचा दिवस. त्या सुमारास गेलात तर घरंच्या घरं विळे-झाडू घेऊन आलेली दिसतील. कोणी बोलावलं तर संकोच करू नका. कबरीच्या कडेला एक छोटी देवळी असते, ती त्या जमिनीच्या देवाची. पहिली उदबत्ती त्याला लावतात, आजोबा-पणजोबांचा नंबर नंतर.