गेमकट्टा: अंगावर चादर, स्क्रीनवर बर्फ

डिसेंबर तोंडावर आला की आमच्याकडं येणारे प्रश्न एकदम पालटतात, वर्षभर "लॅग का मारतोय" विचारणारे "सांताचं स्किन (म्हणजे पात्राचा पोशाख) कसं मिळतं" वर येतात. सोलापुरात दुपारी अजून पंखा चालू असतो, पण गेममध्ये सगळीकडं गुडघाभर बर्फ. यावेळी नुसते गेममधल्या या डिसेंबरच्या इव्हेंटचेच प्रश्न घेतलेत, बाकीच्यांनी जरा थांबा.

सर, इंजिनिअरिंग सेकंड इयरला आहे, नवीन पीसी घेतलाय. मित्र म्हणतात डिसेंबरचे मोड मिस करू नको बे. ते नक्की काय असतात आणि आधी कुठला खेळू? (विजापूर रोड)

सर नको की, दादा म्हण. हे बघ, प्रत्येक कंपनी डिसेंबरमध्ये थोडी सजावट करते, थोडं दुकान मांडते आणि एखादा वेगळा खेळ लावते, तुला त्यातला फक्त खेळ बघायचाय.

ओव्हरवॉचचा विंटर वंडरलँड 2016 च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा आला आणि त्यातला मेई या हिरोचा स्नोबॉलवाला मोड माझ्या मते या सगळ्यांत भारी. दोन्ही टीममध्ये सगळे मेईच, हातात एकच बर्फाचा गोळा, लागला की समोरचा आऊट, चुकला की तू रिकाम्या हाताने बर्फाच्या ढिगाकडं पळत सुटायचं आणि तेवढ्यात मागून कोणीतरी तुझाच कार्यक्रम करतं. मरायचं एकदाच, राऊंड संपेपर्यंत बघत बसायचं. यात दोन हजार तास खेळलेला आणि कालच गेम टाकलेला असे दोघं जवळपास सारखेच होतात, कारण हिरोच्या पॉवर पाठ असून काही उपयोग नाही, जवळ जायचा दम आणि थांबायचा पेशन्स लागतो. पुढच्या वर्षी त्यांनी यतीची शिकार आणली, पाच मेई विरुद्ध एकटा गोरिला विन्स्टन, आधी तुम्ही त्याच्या मागं, मग तो मांसाचे तुकडे खाऊन पिसाळला की तुम्ही पुढं आणि तो मागं. एकदोनदा लई मजा येते, नंतर बोअर.

व्हॅलोरंटमध्ये 2020 च्या डिसेंबरमध्ये स्नोबॉल फाईट आली, पाच विरुद्ध पाच, आधी 50 किल करेल ती टीम जिंकली, मधेमधे गिफ्ट पडतात ती फोडली की पॉवर मिळते. एपेक्स या गेममध्ये विंटर एक्सप्रेस, तीन स्क्वाड (टीम) एका ट्रेनवर कब्जा करायला भांडतात, तीन राऊंड जिंकले की झालं, आणि बंदुका आधीच ठरलेल्या त्यामुळं लूट शोधत फिरायची कटकट नाही. सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जनरल डब्यात चढायची सवय असेल तर तुला हा मोड शिकवावा लागणार नाही.

पैसे नसतील आणि पीसी साधा असेल तर टीम फोर्ट्रेस 2 टाक. 2007 चा गेम, 2011 च्या जूनपासून फुकट. यांनी 2010 लाच डिसेंबरचं अपडेट "ऑस्ट्रेलियन ख्रिसमस" नावानं काढलं होतं, नंतर त्याचं "स्मिसमस" झालं. नवा मोड बहुतेक मिळणार नाही, नेहमीच्या मोडमधली तीच गाडी ढकलायची, पण बंदुकांना रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या, म्हणजे आपल्या गणपती मंडळाची लायटिंग रॉकेट लाँचरवर आली असं समज. लॉगिन केलं की भेटवस्तूंनी भरलेला एक मोजा फुकट मिळतो, आणि हल्ली बरेचसे नकाशे आणि टोप्या खेळणाऱ्या लोकांनीच बनवलेल्या असतात, त्यात काही जबरी, काही अगदीच भंगार.

तर आधी स्नोबॉल, मग ट्रेन. यतीची शिकार कोण पाच जण जमले तरच.

नमस्कार. माझा मुलगा दहावीला आहे. रोज रात्री साडेअकराला "आज नवीन येणार, आज संपणार" म्हणत मोबाईल घेऊन बसतो, आणि एका पोशाखासाठी दीड हजार मागतोय, नाही घेतला तर परत कधीच मिळणार नाही म्हणतो. खरं आहे का हे? (एक आई, अशोक चौक)

ताई, साडेअकराचं खरं आहे, मुलगा खोटं बोलत नाहीये. बऱ्याच कंपन्या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनं चालतात, तिथं सकाळी 10 वाजले की हिवाळ्यात आपल्याकडं बरोबर रात्रीचे 11:30 होतात. तिकडच्या ऑफिसचा पहिला चहा आणि आपली झोपायची वेळ एकच, याला तो तरी काय करणार. पण जे रात्री 11:30 ला येतं ते सकाळी 7 लाही तिथंच असतं, इव्हेंट दोनतीन आठवडे चालतो, त्यामुळं जागं राहायची काहीही गरज नाही हे त्याला माझं नाव घेऊन सांगा.

"परत कधीच नाही" हे मात्र दुकानदाराचं वाक्य आहे, नव्या पेठेत "आजच्या दिवस फक्त" अशी पाटी वर्षभर असते ना, तसंच. डिसेंबरचे पोशाख पुढच्या डिसेंबरला परत विकायला ठेवलेले मी कितीतरी वेळा बघितलेत. सगळे येतात असं नाही, पण बरेच येतात. आणि त्या पोशाखानं नेम सुधारत नाही, जास्त गोळ्या मिळत नाहीत, फक्त दिसतं छान. ओव्हरवॉच 2 ने 2022 च्या डिसेंबरमध्ये बॅस्टियनचा जिंजरब्रेडवाला पोशाख एका कॉईनला दिला होता, एका! यावरून किंमत कशी ठरते ते बघा, बनवायला किती खर्च आला यावर नाही तर घेणारा किती घाईत आहे यावर.

एक करा, मोबाईलवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा आणि यूपीआयचा पिन त्याला देऊ नका. गेमवाल्यांच्या लिमिटवर विसंबू नका. बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) 2021 ला आला तेव्हा 18 च्या खालच्यांना दिवसाला 3 तास आणि 7000 रुपये अशी मर्यादा होती. दिवसाला 7000! आमच्या घरात महिन्याचा किराणा त्यात बसायचा.

आणि रागावू नका, पण सगळंच बंद करू नका. खेळायचे मोड फुकट असतात आणि चांगले असतात. रविवारी दुपारी तासभर त्याच्या शेजारी बसून बघा, तो गोळे कसे चुकवतो ते बघून तुम्हालाच हसू येईल.

पांढरे कपडे घालून बर्फाच्या मॅपमध्ये लपता येतं का? भाऊ म्हणतो चीटिंग आहे. (होटगी रोड)

चीटिंग कसली, डोकं आहे ते. पण पबजीच्या विकेंडीसारख्या मॅपमध्ये बर्फात पावलांचे ठसे उमटतात, गाडीचे पण. तू पांढरा होऊन झाडामागं गार पडलास तरी तुझ्या दारापर्यंत रांगोळी काढलेलीच आहे. आडवातिडवा चाल, नाहीतर भाऊच येऊन मारेल.

स्नोबॉल खेळून एम (नेम) बिघडतो म्हणतात, खरंय का बे? रँक गोल्डवर अडकलीये. (जुळे सोलापूर)

थोडंसं खरंय. गोळा हवेत कमान करून जातो, त्यामुळं समोरच्याच्या पुढं आणि वर मारायची सवय लागते, आणि व्हॅलोरंटची गोळी तर क्लिक केल्या क्षणी लागते. दोन डेथमॅच (सरावाच्या मॅच) मारून मग रँकला बस, हात परत लाईनवर येतो. गोल्डवर अडकायचं कारण मात्र स्नोबॉल नाही रे, उगाच बर्फावर ढकलू नको.

आमचा चौघांचा स्क्वाड आहे. तिघं म्हणतात गड्डा आला की गेम बंद, चौथा म्हणतो इव्हेंट अर्धवट सोडायचा नाही. तुम्ही सांगा. (बाळे)

भांडण कशाला, तारखाच बघा की. बहुतेक इव्हेंट डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतात आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आवरतात, आणि आपला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, संक्रांतीच्या आसपास. म्हणजे चौथ्याचे सगळे चॅलेंज संपून वर चार दिवस झोप काढली तरी नंदीध्वजांच्या मिरवणुकीला वेळेवर पोचतो. एखादा गेम तारीख पुढं ढकलतो, तेवढं आत जाऊन बघून घ्या, आणि रोजचे चॅलेंज 31 तारखेच्या आत उरका, कारण शेवटच्या दिवशी सर्व्हरवर जत्रा असते.

यात्रेतल्या अक्षता झाल्या की चौघं मिळून जत्रेच्या होम मैदानावर या आणि पाळण्यात बसायच्या आधी छऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडायच्या स्टॉलवर थांबा. पाच फुग्यांवर कोण किती फोडतो ते मला कळवा. बंदुकीचा नेम बहुतेक वाकडाच असतो, पहिला छरा फुकट गेला समजून तो कुठं लागतोय ते बघा आणि मग थोडं उलट्या बाजूला धरा.