किंमत ठेवून समीकरण सोडवताना शेवटी ११ = ११ येतं, चुकतंय कुठे?

तुझं गणित आहे २क्ष + य = ११ आणि ३क्ष − २य = ६. पहिल्यातून य = ११ − २क्ष काढलंस ते एकदम बरोबर, पण मग ती किंमत परत पहिल्याच समीकरणात ठेवलीस ना, म्हणून क्ष उडाला आणि ११ = ११ उरलं. मी नाशिकरोडला नववी-दहावीच्या शिकवण्या घेतो, दर वर्षी कितीतरी पोरं नेमकी इथेच अडकतात आणि उगाच वाटून घेतात की आपल्याला बीजगणित जमतच नाही.

असं बघ, बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे आमच्या नाशकात गोदावरीच्या काठच्या) बाजारात २ किलो द्राक्षं आणि १ किलो पेरू घेतले, मिळून २२० रुपये झाले. आता भाव सांग. द्राक्षं ८० नि पेरू ६० असतील, किंवा द्राक्षं ७० नि पेरू ८०, दोन्ही बसतंय! तोच हिशोब कितीदा वाचला तरी भाव कळणार नाही, दुसरी काहीतरी माहिती लागणारच आणि ती दुसऱ्या समीकरणात असते. म्हणून पहिल्यातून काढलेली किंमत कायम दुसऱ्यात ठेवायची.

आता ठेवू या: ३क्ष − २(११ − २क्ष) = ६. कंस टाकायचाच, आळस करायचा नाही, कारण बाहेरच्या −२ ने आतल्या दोन्ही पदांना गुणायचंय आणि −२ गुणिले −२क्ष म्हणजे +४क्ष होतात. मग ३क्ष − २२ + ४क्ष = ६, म्हणजे ७क्ष = २८, क्ष = ४, आणि य = ११ − ८ = ३.

ताळा कुठल्या समीकरणात करायचा हे फार कोणी सांगत नाही आणि मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समज तू चिन्ह चुकवून −४क्ष लिहिलंस, तर क्ष = −२८ आणि य = ६७ येईल. हे पहिल्या समीकरणात टाकून बघ, −५६ + ६७ = ११, चक्क जुळतं! जुळणारच, कारण य त्याच्यातूनच काढलाय. दुसऱ्यात टाकलं की −८४ − १३४, म्हणजे −२१८ येतं, ६ कुठेच नाही, चूक लगेच सापडते. ताळा दोन्हीत कर, पण दुसऱ्यात तर नक्कीच कर.

आणि हो, किंमत बरोबर दुसऱ्यात ठेवूनही कधी ० = ० आलं तर घाबरू नकोस, तेव्हा दुसरं समीकरण म्हणजे पहिल्याचीच पट असते (४क्ष + २य = २२ सारखं) आणि उत्तरं अगणित असतात. ० = ५ सारखं काही आलं तर उत्तरच नसतं.

सुरुवात करताना ज्या चलाचा सहगुणक (चलाला गुणणारा आकडा) १ आहे तोच वेगळा काढ, इथे य होता. तसा एकही नसेल तर बहुतेकदा अपूर्णांकांचा नुसता गोंधळ होतो, तिथे सरळ लोप पद्धत (समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एक चल घालवायचा) वापर.