रीफ टँकसाठी मीठ कुठलं घ्यावं आणि कसं कालवावं

तुमचे प्रश्न एकत्र करून घेतो. कोल्हापुरात राजारामपुरीत २०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, त्यात क्लाऊन माशांची जोडी, थोडे झोआ आणि मशरूम हे मऊ कोरल, पुढे हॅमर कोरल आणायचा विचार. दुकानदार म्हणतो कॅल्शियम जास्त असलेलं महागाचं ‘प्रो’ मीठ घ्या. घरचे म्हणतात एवढे पैसे कशाला, खडे मीठ काय वाईट? देवगडचे मामा दर महिन्याला येतात, ते समुद्राचं पाणीच कॅनमधून आणायला तयार आहेत. आणि पाणी किचनमधल्या आरओचं चालेल का, हे तुम्ही जाता जाता विचारलंय. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, पण आधी घरच्यांचं समाधान करू.

शिरोड्याची मिठागरं बघितली असतील, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातली. तिथं समुद्राचं पाणी उन्हात आटतं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, मग जिप्सम. पाणी मूळच्या साधारण एक दशांश उरलं की सोडियम क्लोराईडचे खडे धरायला लागतात. ते ओढून घेतले की उरलेलं कडवट पाणी वेगळं काढतात, आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम, ब्रोमाइड बहुतेक त्या कडवट पाण्यातच राहतं. म्हणजे खडे मीठ समुद्रातूनच आलेलं असलं तरी कोरलला हवं ते निम्मं आधीच तळाला बसलं आणि निम्मं नंतर बाहेर गेलं. खऱ्या समुद्राच्या पाण्यात, म्हणजे ३५ पीपीटीला (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार), लिटरमागे अंदाजे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम, १,२९० मॅग्नेशियम आणि ४०० पोटॅशियम असतं, अल्कलिनिटी (मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण, डीकेएच या एककात मोजतात) ७ डीकेएचच्या आसपास. खडे मीठ कितीही टाका, हे आकडे जमणार नाहीत. सैंधवाचंही तेच, ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच. पुड्यातल्या मिठात वरून आयोडेट आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात.

पुड्यातलं मीठ या छंदात एका ठिकाणी मात्र लई कामाचं आहे, ते पुढे सांगतो.

मामांचं पाणी. देवगडचं पाणी चांगलं की वाईट हे कुठून आणि कधी भरलं यावर आहे. जेटीजवळ भरलं तर बोटींचं डिझेल त्यात येणार. खाडीच्या तोंडाशी भरलं तर खारटपणा कमी. पावसाळ्यात किनाऱ्यालगत नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ येतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर हा विषयच बंद. शिवाय त्या पाण्यात जिवंत प्लँक्टन असतं. बंद कॅनमध्ये घाट चढून येईपर्यंत ते मरायला लागतं आणि पाणी नासतं. गाळून, अंधारात ठेवून, तपासून वापरणारे लोक आहेत, पण तो रोजचा उद्योग होतो. २० लिटरचा कॅन भरला की साडेवीस किलो. मामांना एवढा त्रास कशाला? आणि पाण्याबरोबर ‘चांगला दिसणारा दगड’ तर अजिबात सांगू नका. कडक प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलू नये.

आता किचनचा आरओ. घरगुती आरओमध्ये बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो, म्हणजे पाण्याला चव राहावी म्हणून थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतात, किंवा शेवटी मिनरलचं काडतूस असतं. पिण्यासाठी ते बरोबर आहे. रीफसाठी नाही. आपल्याला आरओच्या मेंब्रेननंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) आलेलं, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं पाणी पाहिजे. टीडीएसचा आकडा किती क्षार आहेत एवढंच सांगतो, कुठले ते सांगत नाही. ६० टीडीएसमध्ये नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट किंवा तांबं किती हे कळत नाही, आणि शैवाल कुठून आलं म्हणून तुम्ही मीठ बदलत बसता. २० लिटरच्या जारचं पाणीही शून्याचं नसतं. बोअर असेल तर जास्तच सांभाळा, उसाच्या पट्ट्यातल्या बोअरला खतामुळे नायट्रेट असण्याची शक्यता दाट. नळाचं पाणी घेतलं तर कार्बन फिल्टर चांगला ठेवा कारण क्लोरीन मेंब्रेन खातं, आणि पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की सेडिमेंट काडतूस लवकर बदला.

गाळलेलं पाणी तांब्याच्या हंड्यात किंवा जुन्या बंबात कधीच साठवू नका. माणसाला चालणारं तांबं कोळंबी, गोगलगाय आणि कोरलला मारतं. कागल किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून भंगारात निघालेले निळे ड्रम स्वस्त मिळतात, त्यांच्याही नादाला लागू नका, आत काय होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अन्नपदार्थांसाठीचा नवा ड्रम किंवा झाकणाची बादली घ्या. पैसे दोनच ठिकाणी घालता येत असतील तर ते डीआय आणि अल्कलिनिटीच्या टेस्ट किटवर घाला, मिठाचा ब्रँड त्यानंतर.

दुकानदाराच्या ‘कॅल्शियम जास्त’ या मुद्द्याचा हिशोब करून बघा. बाजारातली मिठं ढोबळमानाने दोन प्रकारची. एक, अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएचच्या आसपास ठेवणारी: रेड सीची साधी निळी बादली, ट्रॉपिक मरीन प्रो रीफ, अ‍ॅक्वाफॉरेस्टचं रीफ सॉल्ट. दोन, मुद्दाम वाढवलेली, जसं रेड सी कोरल प्रो, जे १२ च्या जवळ जातं. समजा तुमच्या टँकची अल्कलिनिटी ८ आहे आणि तुम्ही १० टक्के पाणी १२ वाल्या मिठाने बदललं. नवा आकडा ८.४. काही बिघडत नाही, पण काही मिळतही नाही. उद्या कोरल वाढले आणि टँक दिवसाला १ डीकेएच खायला लागला, तर आठवड्याची खोट ७, आणि वॉटर चेंजने भरून येणार अर्धा. ती खोट डोसिंगनेच, म्हणजे द्रावणं वेगळी टाकूनच भरते, मीठ कितीही ‘प्रो’ असो. तुमच्या झोआ-मशरूमला तर एवढं कॅल्शियम लागतच नाही.

त्या मिठाचा धोका वेगळ्या दिवशी समोर येतो. काहीतरी मेलं, अमोनिया वाढला, आणि घाईत निम्मं पाणी बदलावं लागलं. ८ चे एकदम १० होतात. पोषक द्रव्यं कमी असलेल्या टँकमध्ये अशा उडीने काडीसारख्या एसपीएस कोरलची टोकं पांढरी पडतात, हॅमरही रुसतो. कोरलला अल्कलिनिटी ७.५ चालते, ९ चालते, रोज बदललेली चालत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: साधं, ८ च्या आसपासचं मीठ घ्या, आणि त्यातलंही जे तुम्हाला कोल्हापुरात किंवा पुण्याहून कुरिअरने वर्षभर मिळत राहील तेच. दर दोन महिन्यांनी जे हाती लागेल ते मीठ वापरणं हे महागड्या मिठापेक्षा वाईट. कधी बदलायचंच झालं तर नवं मीठ पहिले काही वेळा १० टक्क्यांच्या बदलांतूनच आत जाऊ द्या.

खर्च काढायचा तर आठवड्याला २० लिटर, लिटरमागे ३७ ग्रॅम धरा, म्हणजे ७४० ग्रॅम. २२ किलोची बादली सात महिने जवळपास पुरते. छोटी पाकिटं किलोमागे महाग पडतात आणि प्रत्येक पाकिटाचा लॉट वेगळा असू शकतो.

कालवताना मापाचा कप बाजूला ठेवा आणि किचनचा डिजिटल काटा वापरा. ओलसर मीठ कपात वेगळं बसतं, त्यामुळे तोच कप जानेवारीत आणि जुलैत वेगळं वजन देतो. बादली उघडायच्या आधी आडवी करून जमिनीवर गडगडवा, कारण वाहतुकीत बारीक कण तळाशी जातात. ड्रममध्ये आधी पूर्ण पाणी, त्यात पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) चालू, मग मीठ मूठ-मूठ सोडत जा. उलटं, म्हणजे मिठावर पाणी, कधीच नाही. तळाशी क्षणभर क्षारांचं प्रमाण इतकं वाढतं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरा साका बनवतात, आणि तो साका नंतर कितीही ढवळलं तरी विरघळत नाही. पॉवरहेडवर पांढरा थर जमतो तो हाच. व्हिनेगरमध्ये बुडवून निघतो, पण पाण्यातून गेलेली अल्कलिनिटी परत येत नाही. थंडीत हीटर लावायचा मोह होतो. मीठ विरघळून पाणी निवळेपर्यंत लावू नका, गरम पाण्यात हा साका लवकर बनतो. टँकमध्ये ओतायच्या आधी मात्र तापमान जुळवून घ्या.

किती वेळ फिरवायचं? कमी अल्कलिनिटीचं मीठ रात्रभर फिरलं तरी हरकत नाही, झाकून ठेवलं तर आठवडाभरही टिकतं. वाढवलेलं मीठ पाणी निवळल्यावर त्याच दिवशी वापरून टाकावं, कोरल प्रोबद्दल कंपनीही चार तासांपेक्षा जास्त फिरवू नका असंच सांगते.

आता मोजणी. तरंगत्या काट्याच्या हायड्रोमीटरवर भरवसा ठेवू नका, रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारं यंत्र) घ्या, पण तो आरओच्या पाण्यावर शून्य करून निश्चिंत होऊ नका. स्वस्तातल्या बऱ्याच यंत्रांची पट्टी साध्या मिठाच्या पाण्यासाठी असते आणि ३५ च्या जवळ ती दीड पीपीटीपर्यंत फसवते. ३५ पीपीटीचं प्रमाणित द्रावण मिळतं, ते घ्या. नाही मिळालं तर इथे पुड्यातल्या मिठाची पाळी: ३६.५ ग्रॅम कोरडं मीठ, ९६३.५ ग्रॅम आरओ-डीआय पाणी, दोन्ही काट्यावर मोजून. या द्रावणातून प्रकाश जितका वाकतो तितकाच ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्यातून वाकतो. काचेवर थेंब टाकून अर्धा मिनिट थांबा आणि स्क्रू फिरवून पट्टी ३५ वर आणा.

२० लिटरचं पाणी ३३ आलं तर ४० ग्रॅमपेक्षा थोडं जास्त मीठ आणखी टाका. ३७ आलं तर सव्वा लिटरला थोडं कमी आरओ पाणी. घाईने टँकमध्ये ओतून ‘तिथे जुळेल’ म्हणू नका. उन्हाळ्यात बाष्पीभवन वाढलं की टँकमध्ये रोज साधं आरओ पाणीच घालायचं, मिठाचं नाही. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ४ लिटर उडाले तर ३५ चे ३५.७ होतात, दोन-तीन दिवस विसरलात तर आकडा लक्षात येण्याइतका वाढतो.

राहिली साठवण. मिठातलं मॅग्नेशियम क्लोराईड आणि कॅल्शियम क्लोराईड हवेतलं पाणी ओढतात, आणि आपल्याकडचा जुलै तुम्हाला माहीत आहे. आतली पिशवी पिळून गाठ मारा, झाकण घट्ट, बादली फरशीवर न ठेवता फळीवर. हाताने मोडणारे गोळे चालतात. दगड झाला असेल तर त्यातलं पाणी बनवून अल्कलिनिटी तपासा, कमी निघाली तर ते मीठ टँकला देऊ नका. आणि नवी बादली जून लागायच्या आधीच घरात आणून ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद होता आणि उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्याने नळालाही पाणी नव्हतं. ऑगस्ट संपेपर्यंत दोन वॉटर चेंजपुरतं, म्हणजे ४०-५० लिटर शून्य टीडीएसचं पाणी झाकून तयार असू द्या.