अ‍ॅब्लेशननंतर तिसऱ्या आठवड्यात आलेला ताप

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार) त्यांचे अ‍ॅब्लेशन (नळी घालून हृदयातला बिघडलेला भाग आतून भाजण्याचा उपचार) होऊन २२ दिवस झाले. ते घरी नीट हिंडत-फिरत होते. मात्र चार दिवसांपासून संध्याकाळी अंगात कणकण असते आणि भाकरीचा घास गिळताना छातीच्या मध्यभागी दुखते, म्हणून दूधभातावर आहेत. आमचे डॉक्टर म्हणतात, साथीचा ताप असावा, नाहीतर दुर्बिणीने अन्ननलिका पाहू. वाट पाहावी का? – एक वाचक, सातारा

उत्तर : वाट पाहू नये, हे आपल्याला पत्र मिळताच फोनवर कळवले आहे. इतर वाचकांसाठी कारण येथे देत आहोत.

अन्ननलिका हृदयाच्या डाव्या कर्णिकेला (वरच्या कप्प्याला) मागून जवळजवळ चिकटूनच असते, आणि कर्णिकेची ती भिंत अवघी काही मिलिमीटर जाड असते. अ‍ॅब्लेशनमध्ये आतून दिलेली उष्णता क्वचित अन्ननलिकेपर्यंत पोहोचते, तेथे जखम होते, आणि ती चिघळत जाऊन पुढे दोहोंमध्ये आरपार छिद्र पडू शकते. हजारात एखाद्या रुग्णालाही हे होत नाही. पण झाले आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही, तर जीव वाचणे फार अवघड असते. जखम चिघळायला वेळ लागत असल्यामुळे त्रास साधारण एक ते सहा आठवड्यांत, म्हणजे घरचे निर्धास्त झाल्यावर सुरू होतो. ताप, गिळताना वा छातीत दुखणे, रक्ताची उलटी, बोलताना जीभ अडखळणे किंवा हात लुळा पडणे यांपैकी एकच लक्षण असले तरी ते पुरेसे मानावे. नुसता तापही असू शकतो.

या संशयात दुर्बिणीची तपासणी टाळावी, कारण तिच्यात अन्ननलिका फुगवण्यासाठी हवा सोडतात आणि ती छिद्रातून कर्णिकेत, तेथून मेंदूत जाऊ शकते. आधी छातीचा कॉन्ट्रास्ट (शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला) सीटी स्कॅन करावा, तोही हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात, आणि अ‍ॅब्लेशन करणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवून. ताप पाहणाऱ्या डॉक्टरांना तर अ‍ॅब्लेशनची तारीख पहिल्याच वाक्यात सांगावी. ती विचारली जाईलच असे नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत अधूनमधून धडधड होणे मात्र वेगळे. त्यावरून उपचार फसला असे ठरत नाही. अ‍ॅब्लेशननंतर काही महिन्यांनी सुरू झालेला खोकला, धाप किंवा थुंकीतून रक्त हे फुप्फुसाकडून हृदयात येणारी नीला (रक्तवाहिनी) अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते, आणि ते सहसा दमा किंवा न्यूमोनिया समजले जाते.